मुसाफिर कुठे चालले, माल कुठे न्यावा?

गिऱ्हाईक कोणत्या वाटेने येते आणि ती वाट कधी बदलते, हे ज्या दुकानदाराला कळत नाही त्याचा माल गोदामात पडून राहतो. कापडाच्या धंद्यात ही शिकवण आम्हाला वडीलधाऱ्यांकडून मिळाली. पूर्वी ही वाट म्हणजे आजूबाजूच्या चार गावांचा आठवडी बाजार होता. आज तीच वाट विमानाने सात समुद्र ओलांडून येते आणि एका रात्रीत बंदही होते. म्हणून या वेळी आम्ही आमच्या व्यापारी व कारीगर बांधवांपुढे एक वेगळा विषय ठेवत आहोत. जगभर फिरणाऱ्या परदेशी पाहुण्यांची संख्या कशी वाढली, ते कोणत्या मुलुखातून कोणत्या मुलुखाकडे वळले आणि त्यातून आपण काय शिकायचे, हा तो विषय.

हा विषय आपला नाही असे कोणी म्हणू नये. काश्मीरचा शालवाला, आग्ऱ्याचा पच्चीकारीवाला, जयपूरचा लाखेच्या बांगड्या करणारा मणियार, मुरादाबादचा पितळकाम करणारा, बिदरचा बिदरीवाला आणि आपल्या औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) हिमरूवाला, या सर्वांच्या रोजीचा काही ना काही भाग परदेशी पाहुण्यांच्या खिशातून येत आला आहे. ज्याच्या खिशावर आपली चूल पेटते, तो कुठे जातो हे जाणून घेणे शौक नाही, गरज आहे.

अडीच कोटींपासून १४० कोटींपर्यंत

जगातल्या पर्यटनाची मोजदाद संयुक्त राष्ट्रांची पर्यटन संघटना करते. तिचे मुख्यालय स्पेनमध्ये माद्रिद येथे आहे. या मोजणीप्रमाणे १९५० साली संपूर्ण जगात सुमारे अडीच कोटी परदेशी पर्यटक होते. १९७० साली हा आकडा साडेसोळा कोटींच्या आसपास गेला, १९९० साली सुमारे ४४ कोटी झाला आणि २००० साली ६७ कोटींच्या पुढे गेला. २०१२ साली प्रथमच १०० कोटींचा टप्पा ओलांडला गेला. २०१९ साली सुमारे १४६ कोटी. मग कोरोना आला आणि २०२० साली आकडा कोसळून ४० कोटींवर आला. म्हणजे चार मुसाफिरांपैकी जवळजवळ तीन घरी बसले. २०२४ साली तो पुन्हा १४० कोटींच्या वर पोहोचला.

ही वाढ आपोआप झालेली नाही. १९५८ साली बोइंग ७०७ हे जेट विमान प्रवासी घेऊन अटलांटिक ओलांडू लागले. १९७० साली जम्बो जेट आले आणि एका उड्डाणात साडेतीनशे-चारशे माणसे जाऊ लागली. खुर्च्या वाढल्या, तसे भाडे उतरले. युरोपात कामगारांना पगारी सुट्टी मिळू लागली आणि विमान, हॉटेल, जेवण असा एकत्र सौदा विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. स्पेनमध्ये १९६० साली सुमारे ६० लाख परदेशी आले होते. १९७३ साली ते ३ कोटी ४० लाखांच्या आसपास झाले. एका गरीब देशाचा किनारा तेरा वर्षांत युरोपची सुट्टीची जागा बनला.

मुलुखांची वाटणी

एकूण आकड्यापेक्षा आपल्यासारख्याला वाटणी पाहणे अधिक उपयोगाचे आहे. १९५० च्या अडीच कोटींपैकी जवळजवळ १ कोटी ७० लाख एकट्या युरोपात आणि ७५ लाख उत्तर व दक्षिण अमेरिकेत गेले होते. सगळ्या आफ्रिकेत पाच लाख. सगळ्या आशिया-पॅसिफिकमध्ये दोन लाख आणि मध्यपूर्वेतही दोनच लाख. म्हणजे शंभरातले सुमारे ९७ मुसाफिर गोऱ्या मुलुखांत आणि त्यांच्या शेजारी फिरत होते. आपला पूर्वेचा बाजार त्यांच्या हिशेबात नव्हताच.

१९९० साली युरोपात २६ कोटी, अमेरिका खंडांत ९ कोटी ३० लाख, आशिया-पॅसिफिकमध्ये साडेपाच कोटींच्या वर, आफ्रिकेत दीड कोटी आणि मध्यपूर्वेत एक कोटीच्या आत असा हिशेब झाला. २०२४ साली युरोप ७४ कोटी ७० लाख, आशिया-पॅसिफिक ३१ कोटी ६० लाख, अमेरिका खंड २१ कोटी ३० लाख, मध्यपूर्व साडेनऊ कोटी आणि आफ्रिका ७ कोटी ४० लाख.

आता हिस्सा पाहा. १९५० मध्ये शंभरातले ६७ युरोपात जात, आज ५२ जातात. अमेरिका खंडांचा हिस्सा ३० वरून १५ वर आला. आशियाचा हिस्सा एक टक्क्याच्या आत होता, तो आज २२ टक्के आहे, आणि कोरोनापूर्वी २५ होता. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला आशियाने अमेरिका खंडांना मागे टाकले. मध्यपूर्वेचा हिस्सा एक टक्क्याहून कमी होता, आज साडेसहा टक्के आहे. २०१९ शी तुलना केली तर २०२४ साली मध्यपूर्व ३२ टक्क्यांनी पुढे होती, आफ्रिका सात टक्क्यांनी पुढे, युरोप एक टक्क्याने पुढे आणि आशिया अजून १३ टक्क्यांनी मागे.

युरोपातली गर्दी कमी झालेली नाही. तिथे आजही सर्वांत जास्त माणसे जातात. २०२४ साली एकट्या फ्रान्समध्ये सुमारे दहा कोटी गेले. फरक इतकाच की नवा मुसाफिर, म्हणजे दरवर्षी जो वाढावा होतो तो, मोठ्या प्रमाणात पूर्वेकडे आणि अरब मुलुखांकडे वळला आहे.

ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या मोजणीत तुर्कस्तान युरोपात धरला जातो, मोरोक्को व ट्युनिशिया आफ्रिकेत, इजिप्त व आखाती देश मध्यपूर्वेत, आणि भारत, पाकिस्तान, इराण, मलेशिया हे सर्व आशिया-पॅसिफिकमध्ये. इस्लामी देशांचा बाजार किती वाढला हे एका ओळीत दिसत नाही, तो चार ओळींतून वेचावा लागतो.

वाट कशाने उघडते

आमच्या समजुतीप्रमाणे वाट उघडणाऱ्या गोष्टी तीन आहेत. पहिली स्वस्त भाडे, दुसरी सोपा व्हिसा आणि तिसरी शेजाऱ्याच्या हातात आलेला पैसा.

मोरोक्को पाहा. २००० साली तिथे ४३ लाखांच्या आसपास पाहुणे आले. २००१ साली सरकारने २०१० पर्यंत एक कोटीचे उद्दिष्ट जाहीर केले. २००६ च्या डिसेंबरात युरोपीय संघाशी विमानसेवा खुली करण्याचा करार झाला आणि स्वस्त विमान कंपन्या माराकेश, फेझला उतरू लागल्या. २०१० साली ९३ लाख झाले. उद्दिष्ट थोडक्यात हुकले, पण संख्या दुपटीहून जास्त झाली. २०२३ च्या सप्टेंबरात मोठा भूकंप झाला, सुमारे २,९०० माणसे मेली, तरी त्या वर्षी १ कोटी ४५ लाख आणि २०२४ साली १ कोटी ७४ लाख पाहुणे आले. २०३० चा फुटबॉल विश्वचषक स्पेन व पोर्तुगालबरोबर मोरोक्कोतही व्हायचा आहे आणि तोवर २ कोटी ६० लाखांचे उद्दिष्ट आहे.

यात कारीगरासाठी एक बारीक गोष्ट आहे. स्वस्त विमानाचा मुसाफिर हातातल्या एका बॅगेवर येतो. मोठा गालिचा तो नेऊ शकत नाही. तो चामड्याची चप्पल, उशीचा अभ्रा, छोटा दिवा, वाटी घेतो. ज्याने गालिच्याबरोबर त्याच नक्षीचा लहान नग ठेवला त्याची विक्री झाली, आणि जो फक्त मोठा गालिचा उलगडून बसला तो चहा पाजून थकला.

तुर्कस्तानने १९८२ साली पर्यटनाला उत्तेजन देणारा कायदा केला आणि किनाऱ्यावर सरकारी जमिनी हॉटेलांसाठी दिल्या. १९९० साली तिथे पन्नास लाखांच्या आसपास परदेशी येत. २०२४ साली ५ कोटी २६ लाख आले. इस्तंबूलचा झाकलेला बाजार म्हणजे कपाली चार्शी. १४५३ च्या विजयानंतर सुलतान मुहम्मद फातेह यांनी त्याची सुरुवात केली. त्याच्या मधल्या भक्कम इमारतीला 'बेदेस्तेन' म्हणतात. आमच्या उर्दू वाचकांना हा शब्द ओळखीचा वाटेल, कारण तो 'बज्जाज'पासून, म्हणजे कापडवाल्यापासून आला आहे. आज चार हजारांच्या आसपास दुकाने असलेला हा बाजार मुळात कापडवाल्यांचा आहे.

व्हिसाचे उदाहरण सौदी अरबस्तानचे. हज आणि उमरा सोडला तर सामान्य पर्यटकाला तिथे जवळजवळ प्रवेश नव्हता. २७ सप्टेंबर २०१९ पासून पर्यटनाचा ई-व्हिसा सुरू झाला. कोरोनाने दोन वर्षे खाल्ली, तरी २०२४ साली बाहेरून सुमारे तीन कोटी पाहुणे आले. त्यात परदेशातून उमऱ्याला आलेले १ कोटी ६९ लाख आहेत. दुबईत त्याच वर्षी १ कोटी ८७ लाख पाहुणे मुक्कामाला राहिले.

तिसरी गोष्ट शेजाऱ्याचा पैसा. पर्यटन संघटना पुन्हा पुन्हा सांगते की पाच मुसाफिरांपैकी चार आपल्याच मुलुखात फिरतात. जर्मन स्पेनला जातो, अमेरिकन मेक्सिकोला, चिनी थायलंडला आणि सौदी बहरीनला वा दुबईला. म्हणून आशियात पर्यटक वाढले याचा अर्थ गोरे साहेब वाढले असा नाही. आशियातलाच मध्यमवर्ग श्रीमंत झाला असा आहे. २०१९ साली एकट्या चिनी लोकांनी परदेशात सुमारे २५५ अब्ज डॉलर खर्च केले. दुसरा कोणताही देश त्याच्या जवळपास नव्हता. चीनने २०२३ च्या जानेवारीपर्यंत आपली दारे बंद ठेवली, म्हणून आशियाचा आकडा इतरांच्या मागे राहिला. कारणे अशी साधी असतात, फक्त ती वेळेवर कळली पाहिजेत.

वाट बंद होते तेव्हा

वाट उघडायला वर्षे लागतात आणि बंद व्हायला एक दिवस पुरतो.

आपल्या देशातले सर्वांत कडू उदाहरण काश्मीरचे. १९८८ साली खोऱ्यात सात लाखांच्या वर पर्यटक गेले होते. १९९० साली ही संख्या दहा-अकरा हजारांवर आली. हाउसबोटी रिकाम्या राहिल्या, शाल आणि गालिच्यांचे गिऱ्हाईक नाहीसे झाले. त्या वेळी अनेक काश्मिरी व्यापाऱ्यांनी माल उचलला आणि ते दिल्ली, गोवा, कोवळम, कोचीला गेले. कलंगुट-कांदोळीच्या रस्त्यावर जी काश्मिरी दुकाने दिसतात, त्यांच्यामागे हीच कहाणी आहे. गिऱ्हाईक घरी येईना, म्हणून दुकानच गिऱ्हाईकाच्या मुक्कामी गेले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी खोऱ्यात पाहुणे परतले, आणि २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ निरपराध माणसांची हत्या झाली, तसे हॉटेलांचे बुकिंग पुन्हा धडाधड रद्द झाले. गोळी एका ठिकाणी चालते आणि चूल शेकडो ठिकाणी विझते.

इजिप्तमध्ये १९९७ च्या नोव्हेंबरात लक्सरला पर्यटकांवर हल्ला झाला. पुढे २०१० साली १ कोटी ४७ लाख पाहुणे आले होते. २०११ च्या उठावानंतर आकडा एक कोटीच्या खाली गेला. २०१५ च्या ऑक्टोबरात सिनाईवर रशियन विमान बॉम्बने पाडले गेले आणि २०१६ साली अवघे ५४ लाख राहिले. २०२४ साली १ कोटी ५७ लाख, म्हणजे चौदा वर्षांनी गाडी मूळ जागेच्या किंचित पुढे आली. ट्युनिशियात २०१५ साली एका संग्रहालयावर आणि एका समुद्रकिनाऱ्यावर हल्ले झाले आणि युरोपच्या कंपन्यांनी आपली विमाने काढून घेतली. तुर्कस्तानात २०१५ साली ३ कोटी ६२ लाख परदेशी आले होते. बॉम्बस्फोट, रशियाशी भांडण आणि फसलेले लष्करी बंड यांमुळे २०१६ साली ते २ कोटी ५३ लाखांवर आले. एका वर्षात एक कोटीहून अधिक गिऱ्हाईक कमी.

यात आम्हाला सर्वांत जास्त शिकण्यासारखे वाटतात ते कैरोचे तंबू शिवणारे. झुवैला दरवाजाच्या दक्षिणेला सतराव्या शतकात बांधलेला एक छपराचा बाजार आहे, त्याला खय्यामिया म्हणतात. खय्याम म्हणजे तंबू करणारा. तिथे पुरुष कारीगर मांडी घालून बसतात आणि रंगीत कापडाचे तुकडे कापून दुसऱ्या कापडावर हाताने शिवतात. पूर्वी हे काम तंबूंच्या आतल्या भिंतींसाठी होई, नंतर भिंतीवरचे पडदे आणि उशा पर्यटकांना विकल्या जाऊ लागल्या. २०११ नंतर पर्यटक आटले. वर गिरणीत छापलेले नकली कापड रमजानच्या मंडपांसाठी स्वस्तात मिळू लागले. हे हुनर संपणार असे वाटत होते. पण ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिकेत गोधडी शिवणाऱ्या बायांची मोठी प्रदर्शने भरतात, तिथे या कारीगरांचे काम पोहोचले. शिलाईची कदर असलेले गिऱ्हाईक भेटले. मुसाफिर आला नाही, तेव्हा माल मुसाफिर झाला.

दुसरे उदाहरण फलस्तीनचे. अल-खलील, म्हणजे हेब्रॉन शहरात १९६१ साली सुरू झालेला कफिया विणण्याचा एक कारखाना आहे. १९९० च्या दशकात बाहेरचा, विशेषतः चीनचा स्वस्त कफिया आला आणि त्याचे बहुतेक माग थंडावले. २०२३ च्या ऑक्टोबरपासून गाझावर जे संकट कोसळले त्यानंतर बैतलहमपासून अल-खलीलपर्यंत पाहुणे येणे थांबले. पण त्याच काळात जगभरातून अस्सल फलस्तीनी कफियाला इतकी मागणी आली की कारखान्याला ती पुरी करता येईना. शेजारच्या बैतलहममध्ये जैतुनाच्या लाकडाच्या वस्तू कोरणारे कारीगर यात्रेकरूंची वाट पाहत बसले. त्यांच्यातल्या ज्यांचा सगळा हिशेब दारात उभ्या राहणाऱ्या बसवर होता, त्यांची परवड झाली.

आणि हे सर्व चालू असताना मध्यपूर्वेचा एकूण आकडा ३२ टक्क्यांनी वर होता! सरासरी ही अशी असते. दुबई, रियाध भरलेले आणि बैतलहम रिकामे, तरी कागदावर मुलुख सुखी. आकडा वाचावा, पण तो कोणाच्या गल्लीचा आहे ते विचारून.

आकडे कसे वाचावेत

या मोजणीत पर्यटक म्हणजे सरहद्द ओलांडून किमान एक रात्र मुक्काम करणारा माणूस. तो सैर करायला आला असो, धंद्याला, नातेवाइकांकडे की जियारतीला. एकच माणूस वर्षात तीनदा आला तर तो तीनदा मोजला जातो. जहाजातून सकाळी उतरून संध्याकाळी परत जाणारा यात धरत नाहीत. म्हणून नुसती डोकी मोजून दुकानदाराचे काम भागत नाही. किती रात्री राहिला, कुठून आला, कोणत्या महिन्यात आला, आणि त्याचा पैसा हॉटेलात गेला की बाजारात, हे पाहावे लागते.

बाजारात गेलेला पैसाही कारीगराच्या हाती पडेलच असे नाही. गाइड आणि ड्रायव्हर यांचे कमिशन मालाच्या किमतीवर चढते. ते देणारे दुकान चालते आणि न देणाऱ्याच्या दारात गाडी थांबत नाही. त्याहून मोठा मार नकली मालाचा. कैरोच्या खान अल-खलीलीत पिरॅमिडच्या मूर्ती, दिवे, पपायरसची चित्रे चीनहून येऊ लागली. शेवटी २०१५ साली इजिप्त सरकारला लोककलेच्या धाटणीच्या मालाची आयात बंद करावी लागली. पाहुण्यांची संख्या वाढत असतानाही कारीगर उपाशी राहू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

आपल्या अंगणात

१९५१ साली भारतात १७ हजारांच्या आत परदेशी पर्यटक आले होते. १९९० साली १७ लाख, २००० साली साडेसव्वीस लाख आणि २०१९ साली १ कोटी ९ लाख. २०२१ साली पंधरा लाखांवर घसरून २०२३ साली पुन्हा ९५ लाखांपर्यंत पोहोचले. जगाच्या १४० कोटींत हा वाटा शंभरात एकाच्याही आत आहे. उलट २०२४ साली तीन कोटींहून अधिक भारतीय परदेशी गेले. म्हणजे एक पाहुणा आपल्याकडे येतो तेव्हा आपले तीन बाहेर जातात.

मुंबईच्या जुन्या दुकानदारांना कुलाब्याचा पावसाळा आठवत असेल. आखातातली अरब कुटुंबे पाऊस पाहायला आणि दवाखान्यासाठी येत आणि कापड, अत्तर, दागिन्यांची खरेदी जोरात होई. ते गिऱ्हाईक हळूहळू पांगले. ११ सप्टेंबर २००१ नंतर पश्चिमेचे व्हिसे अवघड झाले, तेव्हा हीच कुटुंबे मलेशिया, तुर्कस्तान, थायलंडकडे वळली. त्या देशांनी अरबी बोलणारे नोकर ठेवले, हलाल जेवणाची आणि नमाजच्या जागेची सोय केली, दवाखाने सजवले. गिऱ्हाईक रुसून जात नाही, जिथे सोय होते तिथे जाते.

गोव्याचे चित्र ताजे आहे. १९८० च्या दशकात तिथे युरोपची चार्टर विमाने येऊ लागली. २०१९ साली ९ लाख ३७ हजार परदेशी आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात इंग्लंडची थॉमस कुक कंपनी बुडाली, मग कोरोना, मग २०२२ पासून रशिया-युक्रेन युद्ध. २०२४ साली परदेशी ४ लाख ६७ हजार, म्हणजे निम्म्यावर. मात्र देशी पाहुणे ७१ लाखांवरून ९९ लाखांवर गेले. ज्या दुकानात फक्त साहेबाच्या मापाचा आणि साहेबाच्या आवडीचा माल होता ते बसले. ज्याने पुणे, बेळगाव, हैदराबादच्या कुटुंबासाठी माल भरला तो तरला.

औरंगाबादलाही हाच धडा लागू आहे. अजिंठा-वेरूळ १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, बीबी का मकबरा शहरातच आहे, आणि तरी हिमरूचे हातमाग बोटांवर मोजावे इतके उरले. गिऱ्हाईक नाही म्हणून कारीगर मुलाला माग शिकवत नाही, आणि कारीगर नाही म्हणून अस्सल माल दाखवता येत नाही. पण २०२३ साली आपल्याच देशात लोकांनी केलेल्या पर्यटनाच्या फेऱ्या २५० कोटी होत्या. त्यातला एक छोटासा हिस्सा जरी हिमरूच्या शालीपर्यंत पोहोचला तरी मागांना काम कमी पडणार नाही.

काय करावे

आमच्या अल्पमतीप्रमाणे व्यापारी आणि कारीगर बांधवांनी पुढील गोष्टींचा विचार करावा.

एक. एकाच मुलुखाच्या गिऱ्हाइकावर निम्म्याहून जास्त धंदा ठेवू नये. परदेशी, देशी आणि बाहेर पाठवायचा असे मालाचे तीन भाग करावेत. एक बंद पडला तरी दोन उरतात.

दोन. शेजारी हाच मोठा गिऱ्हाईक, हे जगाचे आकडे सांगतात. आपले शेजारी म्हणजे आपलेच देशबांधव, बांगलादेश, श्रीलंका, आखात आणि आग्नेय आशिया. त्यांच्या आवडीचे रंग, मापे आणि सणवार माहीत करून घ्यावेत.

तीन. उमरा आणि हजच्या बाजाराकडे डोळसपणे पाहावे. हजची संख्या कोट्याने बांधलेली आहे, उमऱ्याची वाढती आहे. हाजी लोक जानमाज, तस्बीह, टोपी, अत्तर आणतात. यातला पुष्कळ माल चीन व तुर्कस्तानच्या कारखान्यांत होतो. इहराम म्हणजे तर बिनशिवणीच्या कापडाचे दोन तुकडे. सोलापूरला टॉवेल विणले जातात आणि भिवंडी-मालेगावला लाखो माग आहेत. हे काम आपल्याकडे का होऊ नये?

चार. लहान नग ठेवावा. जो पाहुणा पाच हजारांची शाल घेऊ शकत नाही, तो त्याच विणीचा तीनशेचा बटवा घेतो आणि घरी दहा जणांना दाखवतो.

पाच. हाताचा माल हाताचा आणि मागाचा माल मागाचा म्हणून विकावा. ऐब लपवून सौदा करणे आपल्या दीनमध्ये नाजायज आहे, आणि धंद्याच्या दृष्टीनेही ते आत्मघाताचे आहे. हातमागासाठी २००६ पासून सरकारी 'हँडलूम मार्क' आहे, काश्मिरी पश्मिना, पैठणी अशा मालांना भौगोलिक नोंदणी मिळाली आहे. ही निशाणी नकली मालाविरुद्धची ढाल आहे, तिचा उपयोग करावा.

सहा. गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता वहीत ठेवावा. खय्यामियाचे आणि कफियाचे उदाहरण हेच सांगते की पाहुणा येणे बंद झाले तरी त्याच्याकडे माल पाठवता येतो, पण तो कुठे राहतो हे माहीत असेल तर.

पवित्र कुरआनात कुरैशांच्या हिवाळी आणि उन्हाळी सफरींचा उल्लेख आला आहे. थंडीत त्यांचे काफिले यमनकडे जात आणि उन्हाळ्यात शामकडे. मक्केत शेती नव्हती, पाणीही थोडेच. पण व्यापाराच्या वाटा दोन होत्या आणि कोणत्या मोसमात कोणती धरायची हे त्यांना ठाऊक होते. आपल्या बहुतेक कारीगरांना आज एकच वाट माहीत आहे, आणि ती वाट दुसऱ्याच्या हातात आहे. दुसरी वाट शोधण्याचे काम धंदा चालू असतानाच करायचे असते. येत्या मोसमाचा माल भरण्यापूर्वी प्रत्येकाने आपली वही उघडून पाहावी की गेल्या वर्षीची विक्री कोणत्या मुलुखाच्या गिऱ्हाइकाला झाली. पान एकाच नावाने भरलेले असेल, तर कामाला त्याच दिवशी लागावे. बरकत देणारा अल्लाह आहे.